चाकाकडे वळा

आमच्या दाजींना रस्ता कळत नाही, हे आम्हाला त्यांच्या लग्नाआधीच कळलं होतं. ताईला भेटायला ते पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते, संध्याकाळी पाचला. साडेपाच झाले तरी पत्ता नाही. वडील येरझाऱ्या घालू लागले, आई तिसऱ्यांदा चहाचं आधण उतरवून पुन्हा चढवू लागली. ताई म्हणाली, "नसेल यायचं तर नको येऊ दे, माझं काय अडलंय!" तेवढ्यात शेजारच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला. ते मशीन दोन वर्षं बंद पडलेलं होतं. मी भिंतीवरून डोकावलो, तर कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून एक अनोळखी माणूस मशीनखाली डोकं घालून बसला होता आणि शेजारच्या काकू त्याला दुसरा चहा देत होत्या. दाजी चुकून त्यांच्या घरात शिरले होते आणि समोर बंद मशीन दिसल्यावर आपण कशाला आलोय हेच विसरले होते.

वडील पोट धरून हसले. "माणूस पत्त्याला कच्चा आहे, पण हात सोन्याचा आहे," म्हणाले. ताईनं हाताकडे बघून होकार दिला आणि पुढची बावीस वर्षं पत्त्याच्या नावानं खडे फोडले.

मी ताईचा धाकटा भाऊ. बाजारातल्या एका जिन्याखाली माझं टेबल आहे, तिथे मी मोबाइल दुरुस्त करतो. एक दिवा, एक भिंग, गरम हवेची बंदूक आणि लोकांनी टाकून दिलेल्या फोनांनी भरलेले तीन खण, एवढा माझा संसार. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. फुकटात होणाऱ्या कामाला कोणी पैसे मोजले की माझ्या डोक्यात तिडीक जाते, मग ते पैसे माझे असोत की दुसऱ्याचे.

दाजींचं काम तरी बावीस वर्षं बरं चाललं होतं, कारण घर आणि दुकान एकाच सरळ रस्त्यावर होतं. शिलाई मशीनच्या एका जुन्या दुकानात मागच्या खोलीत ते बसायचे. बंद मशीन समोर आलं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायचे, चाक हळूच फिरवायचे आणि सांगायचे, "आतला दाता झिजलाय." कधी चुकले नाहीत. पण मालक थकले, त्यांनी दुकान विकलं. तिथे आता केस कापतात. दाजींच्या वाट्याला आली हत्यारांची पेटी, आणि त्यांची स्वतःची एक जुनी मोटरसायकल होतीच. घरोघरी जाऊन मशिनं दुरुस्त करायची, असं ठरलं.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. सकाळी दहाचं बोलावणं, दाजी दुपारी तीनला पोहोचायचे. रस्त्यात विचारायचे, नाही असं नाही. लोक सांगायचे, सरळ जा, मग डावीकडे, मग औषधाच्या दुकानापासून उजवीकडे. दाजी मान हलवायचे. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. पण दहा पावलांवर सगळं पुसलं जायचं. एकदा तर फिरून फिरून स्वतःच्याच दारात आले आणि ताईला विचारू लागले, "अहो, इथे मशीन बंद पडलंय का?" ताई म्हणाली, "मशीन नाही, माझं डोकं बंद पडलंय. आत या."

गिऱ्हाइकं कमी होत गेली. मग कोणाच्या तरी ओळखीनं एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा मिळत होती. तिथल्या लोकांनी निळा कोटसुद्धा आधीच देऊन टाकला. तो दारामागच्या खुंटीवर लटकत होता. दाजी हसून म्हणायचे, "बरं आहे की! एका जागी बसायचं. हरवायची भीती नाही." पण जागा बघायला गेले, तेव्हा त्या कुरकुरणाऱ्या फाटकाच्या बिजागरीला खिशातल्या कुपीतलं मशीनचं तेल घालून आले. ताईनं मला हे सांगितलं. "तो हात फाटक उघडायला लावायचा का रे?" म्हणाली. मलाही वाईट वाटलं. त्या हातामुळे आमच्या घरचे, शेजारचे, अख्ख्या आळीचे कपडे शिवले जात होते.

त्याच आठवड्यात गणवेशवाल्या बाईंचा निरोप आला. ह्या बाई शाळांचे गणवेश शिवून देतात. कारखाना वगैरे काही नाही. शहरभर चाळीस घरांत चाळीस बायका शिवतात, बाई कापड कापून पोचवतात आणि शिवलेलं गोळा करतात. मशीन बंद पडलं की त्या शिवणारीचा दिवस बुडतो, आणि शाळा उघडायला तर दीडच महिना राहिलेला. बाईंना दाजींचा हात ठाऊक होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "फोन केल्यापासून एका तासात दारात दिसलात, तर चाळीसही मशिनं कायमची तुमची. दीड महिना बघते. तीनदा उशीर झाला की तुमचा रस्ता वेगळा, माझा वेगळा."

"माझा रस्ता वेगळाच असतो हो, तीच तर अडचण आहे," दाजी म्हणाले. बाईंना हसू आलं नाही.

चाळीस घरं, तीही गल्लीबोळांत. ताई बाजारात जाऊन चौकशी करून आली. मोटरसायकलला लावायचं, रस्ता सांगणारं खास यंत्र मिळतं म्हणे. पावसात भिजत नाही, हातमोजे घालून चालतं. किंमत ऐकली आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"ताई, तेवढ्यात दाजींच्यासारखी अजून एक मोटरसायकल येईल, टाकी भरून! आणि ते यंत्र करतं काय? माझ्या खणातले फोन करतील तेच."

"ते तर मेलेले आहेत ना?"

"मेलेले नाहीत गं, लंगडे आहेत."

लोकांचा एक समज करून दिलेला आहे, त्याचा मला मनस्वी राग येतो. नकाशा म्हटलं की नवा फोन, सिमकार्ड आणि दर महिन्याचा रिचार्ज. अहो, कशाला? उपग्रह वरून रात्रंदिवस ओरडत असतात, फोन नुसता ऐकतो. ऐकायला कोणी पैसे मागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवून घेण्यापुरतं. तो एकदा घरी बसून उतरवला की अख्खं शहर खिशात. गर्दी कुठे आहे, रस्ता कुठे खणलाय, एवढं मात्र असा फोन सांगत नाही. ते डोळ्यांनी बघायचं, देवानं दिलेत.

मी खणातून एक फोन काढला. काचेचा एक कोपरा फुटलेला, सिमची जागा मोडलेली, कॅमेरा गेलेला. बोलायला दाजींचा जुना बटणांचा फोन होताच. कॅमेरा गेलेलाच मुद्दाम निवडला. मोटरसायकलच्या थरथरीनं चांगल्या फोनांचे कॅमेरे बिघडतात आणि मग लोक माझ्याकडे रडत येतात. गेलेल्याचं आणखी काय जाणार? नकाशाचं एक फुकटचं अ‍ॅप टाकलं, बाईंची चाळीस घरं त्यात भरली. हेल्मेटच्या अस्तरात एकच इअरफोन बसवला, डाव्या कानाला. उजवा कान हॉर्न ऐकायला मोकळा. पडद्याकडे बघायचंच नाही, नुसतं ऐकायचं. बॅटरीवरून फ्यूज लावून चार्जिंगची वायर काढली. सिम नसलेल्या फोनला आपण कुठे आहोत हे कळायला सकाळी जरा वेळ लागतो, म्हणून दाजींना बजावलं, "निघायच्या आधी दोन मिनिटं त्याला आभाळ दाखवा." दाजी रोज सकाळी अंगणात फोन वर धरून उभे राहू लागले. शेजाऱ्यांना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

फोन हँडलला अडकवायला मी बाजारातून प्लास्टिकचा चिमटा आणला होता, स्वस्तातला. माझीच चूक, कबूल करतो. तिसऱ्या दिवशी गतिरोधकावर गाडी उडाली आणि फोन इअरफोनची वायर सोडून कुठेतरी कुंपणाच्या झुडपात गेला. दाजी अर्धा तास झुडपं हलवत होते. शेवटी झुडपातूनच आवाज आला, "दोनशे मीटरवर वळा." फोन सापडला, पण बाईंकडे पहिला उशीर लागला.

मी चिमट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दाजींनी संध्याकाळी रेग्झिनचा तुकडा घेतला, वर पारदर्शक खिडकी लावली, उन्हानं फोन तापू नये म्हणून पांढऱ्या कापडाची झडप लावली आणि पेट्रोलच्या टाकीवर पट्ट्यांनी बांधायची अशी झकास पिशवी शिवली की ती विकायला ठेवली असती तर खपली असती. त्यानंतर फोन कधी हलला नाही.

तरी दुसरा उशीर झालाच. पिशवी घट्ट, आवाज स्वच्छ, नकाशा बरोबर, आणि दाजी पोहोचले सिमेंटच्या वखारीत. मी कपाळावर हात मारला. बाई म्हणाल्या, "दोन झाले. आता एकच." ताईनं खुंटीवरच्या कोटाची धूळ झटकली आणि तो पुन्हा अडकवला. ते मला फार लागलं.

रविवारी मी टेबल बंद ठेवलं आणि दाजींच्या मागे बसलो. मलाही ऐकू यावं म्हणून इअरफोन काढून ठेवला होता. फोनमधून आवाज आला, उजवीकडे वळा. दाजी डावीकडे वळले. मी ओरडलो, "उजवीकडे, दाजी, उजवीकडे!" त्यांनी गाडी आणखी डावीकडे घातली. मी खाली उतरलो आणि भर रस्त्यात विचारलं, "जेवता कोणत्या हातानं?"

"कळतं रे मला," ते ओशाळून म्हणाले. "पण उजवं म्हटलं की आधी हात आठवावा लागतो. जेवायचा कोणता, घड्याळाचा कोणता. तोपर्यंत कोपरा निघून जातो."

बावीस वर्षं माणूस चुकत होता ते पत्त्यानं नाही, एवढ्याशा कारणानं. आणि कोणाला सांगायची लाज वाटत होती. मला चिडायचं होतं, पण चिडता येईना.

वाटेवरच बाईंच्या एका शिवणाऱ्या बाईचं घर होतं, तिचं मशीन अडकत होतं म्हणून आत गेलो. दाजी मशीनसमोर बसले आणि माणूसच बदलला. न बघता हात फिरत होते. मला म्हणाले, "जरा चाकाकडून पट्टा धर. नाही, सुईकडे सरक. हां, आता पुन्हा चाकाकडे." आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. शिलाई मशीनसमोर कोणीही, कुठेही बसो, फिरवायचं चाक उजव्या हाताला असतं आणि सुई डाव्या हाताला. ह्या माणसाचा जन्म तिथे गेला होता. त्याला हात आठवावा लागत नव्हता.

बाहेर आलो. गाडी सुरू झाली. पुढचा कोपरा जवळ आला आणि मी मागून ओरडलो, "चाकाकडे!"

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी उजवीकडे वळली.

"सुईकडे!" डावीकडे. "चाकाकडे! चाकाकडे! सुईकडे!" आम्ही दोघं वेड्यासारखे अर्धा तास गल्ल्यांमधून वळत राहिलो. एकही चूक नाही. एका वळणावर दाजी मागे न बघता म्हणाले, "मेहुणेबुवा, रडताय की काय?" मी म्हटलं, "धूळ आहे. पुढे बघा."

त्या अ‍ॅपमध्ये आपला स्वतःचा आवाज भरायची सोय असते. मी माझा आवाज भरणार होतो, पण दाजी म्हणाले, "नको रे बाबा. तुझा आवाज ऐकला की वाटतं माझ्या हातून काहीतरी फुटलंय." मग ताईला बसवलं, त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्या फोनसमोर. पंखा बंद केला, आवाज यायला नको म्हणून. मी कागदावर लिहून दिलं होतं. उजवीकडेसाठी 'चाकाकडे वळा', डावीकडेसाठी 'सुईकडे वळा'. गाडी उलट फिरवायची तर 'उलटा टाका', कारण मशीनवर मागे शिवण घालायला तेच करतात. घर आलं की 'धागा तोडा'.

ताई पहिल्यांदा अगदी बातम्या दिल्यासारखी बोलली. दाजी म्हणाले, "हे मला ऐकूच येणार नाही. घरात बोलतेस तसं बोल."

"घरात कसं बोलते मी?" ताई कडाडली.

"हेच! हेच भर!" दाजी मला म्हणाले.

मग ती बोलली. "अहो, सुईकडे वळा! वळा ना, बघताय काय!" एकेक वाक्य असं खणखणीत, की मलाच उठून वळावंसं वाटलं. होता होता शेवटचं वाक्य राहिलं, रस्ता चुकला तर ऐकू येणारं. कागदावर मी लिहिलं होतं, 'चुकलात, मागे फिरा.' उकाड्यानं ताईचा जीव जात होता, तिनं मध्येच उठून पंखा लावला, पुन्हा येऊन बसली. कागद बघितला, बाजूला ठेवला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "चुकलात? असू दे. घाबरू नका, मी सांगते."

मी फोन बंद केला. दाजी तेव्हा बाहेर गाडी पुसत होते.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नाही. फोन आला की अर्ध्या तासात दाजी दारात. कधी वीस मिनिटांत. बायका चकित. दाजींनी फोनमध्ये घरांची नावंही बदलली. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मशिनं राहतात. त्यामुळे यादीत एखाद्या दवाखान्याच्या वहीसारखी नावं होती. धागा खाणारं, खडखडणारं, तेल पिणारं, उन्हाळ्यात रुसणारं. बाईंनी एकदा ती यादी पाहिली आणि म्हणाल्या, "चाळीस मशिनं माझी, पण ओळखता तुम्ही." दाजी घरी येऊन ते वाक्य चार वेळा सांगत होते.

नकाशा ताजा करायला फोन दर रविवारी माझ्याकडे यायचा. गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघ त्यात उमटलेली असते. ती बघताना मी चरकलो. पाण्याच्या टाकीचा एक कोपरा आहे, तिथे दाजी रोज सकाळी चुकत होते. वळायचं चाकाकडे, हे जायचे सरळ, पुढे बागेला वळसा घालून परत त्याच कोपऱ्यावर. तीनचार मिनिटं फुकट. एकदा नाही, आठवड्यातले सहाही दिवस!

एकच उशीर शिल्लक आणि माझ्या फोनात खोट! मला जेवण जाईना. मी नकाशा पुसून पुन्हा उतरवला. फोन उघडून अँटेनाची पट्टी बदलली. भर उन्हात स्वतः त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, फोन मला बरोबर सांगत होता. दुसऱ्या आठवड्याच्या रेघेत पुन्हा तेच. दाजींना विचारलं, तर छताकडे बघत म्हणाले, "हं. चुकलो असेन." खोटं बोलताना हा माणूस नेहमी छताकडे बघतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला काय दिसतं, कपाळ!

दीड महिन्यातला शेवटचा दिवस उजाडला. दुपारी ताई माझ्या टेबलाशी आली, हातात पिशवी, पिशवीत तो निळा कोट. गोदामवाल्यांनी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा म्हटलं होतं. "आजचा दिवस निभावला की परत देऊन येते," ती म्हणाली, आणि माझा फोन वाजला. बाई होत्या.

"काजाचं मशीन बंद पडलंय," त्या एका श्वासात म्हणाल्या. "एकच आहे माझ्याकडे! तीनशे शर्ट काजांशिवाय पडलेत, चारला गाडी न्यायला येणार. तुमच्या दाजींना दीड वाजता सांगितलं, आता उचलत नाहीत फोन."

"गाडीवर असतील. गाडीवर ते उचलत नाहीत," मी म्हटलं. "दीडला कुठे होते?"

"नदीपलीकडे, त्या खडखडणाऱ्या मशीनकडे."

मी मनात रस्ता काढला. तिथून काजवालीच्या घरी जायचं तर पाण्याच्या टाकीचा कोपरा चुकत नाही. ताईनं माझा चेहरा वाचला. "काय झालं?" मी सांगून टाकलं. रोजचा कोपरा, रोजची चूक, बदललेली पट्टी, सगळं. ती मटकन स्टुलावर बसली. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाचा फोन उघडा पडला होता, त्याचे स्क्रू मी तीनदा चुकीच्या भोकांत लावले. ताई कोटाच्या बटणाशी खेळत राहिली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"अहो, तुमच्या मशीनवाल्यांना पंख फुटलेत काय?" बाई चक्क हसत होत्या. "बाविसाव्या मिनिटाला दारात उभे! मशीन उघडून बसलेत. म्हणतात, पंधरा मिनिटं द्या." मागून खडखड ऐकू आली, मग दाजींचा आवाज, "चाकाकडून धरा, बाई." बाई पुढे म्हणाल्या, "त्यांना सांगा, उद्यापासून मशिनं त्यांची. नाही, राहू दे, मीच सांगते."

मी ताईकडे बघितलं. तिनं कोट पिशवीत कोंबला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा सांग. दोन सांग. मीच दोन पिणार आहे."

संध्याकाळी दाजी आले. तेलानं माखलेले, खुशीत. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि गाडीवरचा फोन काढून रेघ बघितली. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर गाडी काटकोनात चाकाकडे वळली होती, शिवणीसारखी सरळ. ताई शेजारच्या दुकानात पावाला गेली होती. मी सोडलं नाही.

"दाजी, रोज तिथे चुकता. आज कसे नाही चुकलात?"

"आज चुकायला वेळ कुठे होता!" ते बोलून गेले.

मी नुसता बघत राहिलो. ते छताकडे बघायला लागले, पण जिन्याखाली छत फार जवळ असतं, तिथे फार वेळ बघता येत नाही. मग मान खाली घालून बोटांवरचं तेल पुसत म्हणाले, "बावीस वर्षं मी चुकून घरी आलो की तुझ्या ताईनं झाडलंय. तिचं बरोबरच होतं रे, वाट बघून बघून जीव जातो माणसाचा. पण त्या फोनात, चुकलं की ती असं काही म्हणते ना... पहिल्यांदा खरंच चुकलो होतो. टाकीशी. ऐकलं आणि गाडी कडेला घेऊन थांबलो. मग रोज सकाळी दहा मिनिटं आधी निघायला लागलो. एकदाच चुकतो. ऐकतो आणि कामाला जातो."

ह्या माणसापायी मी अँटेनाची नवी पट्टी घातली होती! मी दिवा विझवला, पुन्हा लावला. म्हटलं, "पेट्रोल जातं त्यात."

"जाऊ दे," दाजी म्हणाले.

तेवढ्यात ताई पाव घेऊन आली. ती आणि दाजी गाडीवर बसून गेले. कोट दुसऱ्या दिवशी परत दिला. त्याचं अस्तर उसवलं होतं, ते दाजींनी देण्याआधी नीट शिवून दिलं.

आता मी पोटात गोष्ट ठेवणारा माणूस नाही. चार दिवस ठेवली, पाचव्या दिवशी ताईला सांगून मोकळा झालो. ती ऐकत होती, भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, "वेडा आहे तो. पेट्रोल काय झाडाला लागतं?" आणि पुन्हा भाजीत मान घातली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल मांडतोय, तर ताई समोर उभी. दाजींचा गाडीवरचा फोन हातात, तोंड नेहमीसारखंच रागीट.

"त्या एका वाक्यात मागे पंख्याचा आवाज येतोय," ती म्हणाली. "पुन्हा बोलते. तुझा फोन लाव आवाज भरायला. आणि जरा तिकडे तोंड करून बस."